घास आणि श्वास

त्या आजी तिसऱ्यांदा दाखल झाल्या, तेव्हा मी त्यांच्या मुलाला जरा चिडूनच विचारलं होतं, "इनहेलर वेळेवर देता ना? घरात चूल बंद केली ना?" तो बिचारा खाली बघून "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिला. तो खरंच सगळं नीट करत होता. तरीही दोन महिन्यांत दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला होता, तोही उजव्या फुप्फुसाच्या तळाशी, अगदी आधीच्याच जागी.

आजी सत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर तीन दगडांच्या चुलीपुढे बसून फुंकणीनं जाळ केलेला. विडीला कधी हात लावला नाही, पण चुलीच्या धुरानं फुप्फुसांचं जे व्हायचं ते झालंच होतं. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. पहिल्यांदा आल्या तेव्हा श्वास इतका बिघडला होता की सहा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. त्यातून त्या वाचल्या, चालत घरी गेल्या, याचा आम्हाला कोण आनंद! आणि मग हे न्यूमोनियाचं चक्र सुरू झालं. आम्ही अँटिबायोटिक बदललं, थुंकी पुन्हा तपासली, क्षयरोगाची शंका फेडून घेतली. उत्तर सापडेना.

चौथ्या दिवशी राउंड संपवून निघाले, तेव्हा वॉर्डच्या सिस्टर मागून आल्या. म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? आजींनी चहा घेतला ना, की त्यांचा आवाज ओला होतो. घशात पाणी असल्यासारखा. खोकत मात्र नाहीत. आणि एवढीशी पेज संपवायला त्यांना पाऊण तास लागतो."

जवळपास तीस वर्षं मी सरकारी रुग्णालयात रुग्ण तपासतेय. आजींच्या केसपेपरवर ताप, खोकला, कफाचा रंग, धाप, पायावरची सूज, सगळं लिहिलेलं होतं. "जेवता कशा?" हा प्रश्न तिन्ही वेळा मी विचारला नव्हता. तो विचारायला हवा हे माझ्या लक्षात आलं ते सिस्टरांमुळे. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

गळ्यातला चौक

आपल्या गळ्यात दोन रस्ते एकमेकांना छेदतात. हवा नाकातून, म्हणजे मागच्या बाजूनं येते आणि तिला पुढच्या श्वासनलिकेत जायचं असतं. अन्न तोंडातून, म्हणजे पुढून येतं आणि त्याला मागच्या अन्ननलिकेत उतरायचं असतं. मध्ये चौक एकच. एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडली, तरच अपघात टळतो.

हा सिग्नल कसा चालतो ते स्वतःवरच बघा. गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर, कंठमण्यावर, हलकेच बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी झटकन वर गेला आणि पुन्हा खाली आला, हे जाणवेल. त्या क्षणभरात खूप काही घडून जातं. जीभ घास मागे लोटते. मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरचं झाकण कलतं, दोन्ही स्वरतंतू एकमेकांना घट्ट चिकटतात. अन्ननलिकेचं तोंड उघडतं आणि घास खाली जातो. या कामात स्नायूंच्या पंचवीसहून अधिक जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या अनेक नसा भाग घेतात.

आता नाकाखाली बोट आडवं धरून पुन्हा गिळा. गिळताना श्वास थांबतो. साधारण सेकंदभर. आणि त्यानंतर बहुतेक वेळा बोटावर हवेचा हलका झोत जाणवतो, म्हणजे आपण श्वास बाहेर सोडतो. ही निसर्गाची फार शहाणी योजना आहे. गिळल्यानंतर स्वरयंत्राच्या दाराशी एखादं शीत, एखादा थेंब राहिलाच, तर बाहेर येणारी हवा त्याला दूर ढकलते. हवा आत ओढली गेली, तर तोच थेंब फुप्फुसाकडे जाईल.

"जेवताना बोलू नये, हसू नये" असं घरातली मोठी माणसं आपल्याला दटावत आली. त्यामागे शिस्त होती तशीच ही शरीररचनाही होती. बोलताना आणि हसताना स्वरयंत्राचं दार उघडं असतं, आणि मधूनच आपण झटकन श्वास आत घेतो.

धाप लागलेल्याचं गणित

निरोगी माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो. म्हणजे एका श्वासाला चार सेकंद मिळतात. त्यातला एक सेकंद गिळण्यासाठी काढून घेतला, तरी फारसं बिघडत नाही.

सीओपीडी बळावलेल्या किंवा न्यूमोनिया झालेल्या माणसाचा श्वास मिनिटाला तीसवर जातो. आता एका श्वासाला दोनच सेकंद उरतात. त्यातला एक सेकंद घासासाठी द्यायचा, म्हणजे श्वासाचा निम्मा वेळ गेला. शरीर हा सौदा मान्य करत नाही. घास आणि श्वास यांत निवड करायची वेळ आली, की शरीर श्वास निवडतं. दार पुरतं मिटायच्या आत उघडतं, आणि गिळल्यावर श्वास बाहेर सोडण्याऐवजी माणूस घाईनं आत ओढतो. सीओपीडीच्या रुग्णांमध्ये गिळण्याचा आणि श्वासाचा हा ताल बिघडलेला असतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. आजार बळावतो तेव्हा तो आणखी बिघडतो.

त्यात इतरही गोष्टींची भर पडते. तोंडानं श्वास घेतल्यामुळे आणि ऑक्सिजनमुळे तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडात घास नीट भिजत नाही, घसरत नाही. लांबलेल्या आजारपणात हातापायांचे स्नायू वाळतात, तसे गिळण्याचेही स्नायू दुबळे होतात. चावणं हेही कामच आहे. धाप लागलेल्या माणसाला ते दमवतं. मग चार घासांत ताट बाजूला सारलं जातं. घरचे म्हणतात, "तोंडाला चव नाही." रुग्णही तेच म्हणतो. हळूहळू वजन उतरतं, ताकद कमी होते, खोकला दुबळा होतो, आणि चुकून आत गेलेलं बाहेर टाकायची शक्तीही कमी होते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टी बाळ एका लयीत करत असतं. छाती भरली, की ही लय मोडते. बाळ दोन घोट घेतं, सोडून देतं, धापा टाकतं, पुन्हा तोंड लावतं. हृदयाचा जन्मजात दोष असलेलं बाळही असंच थांबत थांबत, घामाघूम होऊन पितं. म्हणून बाळानं दूध ओढणं सोडलं, तर ते धोक्याचं लक्षण मानायला आशाताईंना शिकवलेलं असतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर तो वेगवान श्वास समजतात. अशा बाळाला "उपाशी आहे" म्हणून जबरदस्तीनं पाजू नका, वाटी-चमच्यानं घशात दूध ओतू नका. आधी दवाखाना गाठा.

जी नळी जीव वाचवते

गिळणं आणि श्वास यांचं नातं किती जवळचं आहे, हे वैद्यकाला एका साथीनं शिकवलं. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. अनेक रुग्णांच्या छातीच्या स्नायूंबरोबर घशाचे स्नायूही लुळे पडत. लाळ गिळता येत नसे, ती घशात साठे आणि फुप्फुसांत उतरे. त्या काळातलं लोखंडी फुप्फुस नावाचं यंत्र छाती बाहेरून हलवत असे. पण गळ्यातल्या चौकाला त्याचं संरक्षण नव्हतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत अशा ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ दगावले.

तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं वेगळा मार्ग सुचवला. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत थेट नळी घालायची, नळीभोवतीचा फुगा फुगवून लाळेची वाट अडवायची आणि रबरी पिशवी हातानं दाबत रुग्णाला श्वास द्यायचा. पुरेशी यंत्रं नव्हतीच. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रुग्णांच्या उशाशी बसून, रात्रंदिवस त्या पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून झाली असं मानतात.

मात्र जी नळी श्वास देते, ती काढल्यानंतर मागे काही ठेवून जाते. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून स्वरतंतूंच्या मधून खाली उतरते. काही दिवस ती तिथे राहिली, की स्वरतंतू सुजतात, कधी त्यांना जखम होते, कधी त्यांची हालचाल मंदावते. घशाची संवेदना बोथट होते. इतके दिवस एकही घास न गिळल्यामुळे स्नायू आपलं काम विसरल्यासारखे होतात. भुलीच्या औषधांची गुंगी असते ती वेगळीच. नळी ४८ तासांपेक्षा जास्त राहिली, तर हा धोका विशेष लक्षात घ्यावा लागतो. नळी काढलेल्या रुग्णांत गिळण्याचा त्रास किती आढळतो, याविषयीच्या अभ्यासांचा २०१० साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हे प्रमाण ३ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत निघालं. रुग्ण वेगवेगळे, तपासण्याच्या पद्धती वेगवेगळ्या, म्हणून एवढी तफावत. पण नीट शोधलं तर तो त्रास सापडतो, एवढं त्यावरून नक्की कळतं.

करोनाच्या दोन वर्षांत कित्येक कुटुंबांनी हे घरात पाहिलं. माणूस व्हेंटिलेटरवरून परतला, पण पाण्याच्या घोटाला ठसका आणि आवाज घोगरा. सुदैवानं बऱ्याच जणांमध्ये हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुधारतं. तेवढे दिवस सांभाळावं लागतं. नळी निघाल्याबरोबर रुग्ण पहिली मागणी करतो ती पाण्याची, आणि बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांच्या हातात शहाळ्याचं पाणी तयार असतं. "दोन घोटांनी काय होतंय?" म्हणून सिस्टरांची नजर चुकवून ते पाजलं जातं. त्यामागची माया मला कळते. पण तपासणी होईपर्यंत थांबायला सांगतो ते याच कारणासाठी.

गळ्याला छिद्र पाडून घातलेली नळी, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी, असेल तर आणखी काही अडचणी येतात. हवा नाका-घशातून जातच नाही, त्यामुळे वास आणि चव मंदावते. गिळताना स्वरयंत्राला वर उचलायला नळीचा अडथळा होऊ शकतो. खोकताना स्वरतंतूंखाली जो दाब तयार व्हायला हवा, तो छिद्रातून निसटतो. फुगा फुगवलेला आहे म्हणून आता काहीही भरवता येईल, हा तर मोठा गैरसमज. फुग्याच्या कडेनं लाळ आणि पाणी झिरपतं. तोंडावर बायपॅपचा मास्क असताना भरवणंही असंच धोक्याचं. मास्क जोरानं हवा आत ढकलत असतो. तोंडातलं अन्न त्याबरोबर कुठे जाईल, सांगता येत नाही.

औषधं, भूल आणि किरण

ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात तेही याच चौकाच्या काळजीनं. भूल दिल्यावर ठसक्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते. अशा वेळी पोटातलं आंबट अन्न उलटून वर आलं, तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली अशा ६६ बाळंतिणींची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर भुलीआधीच्या उपासाचे नियम काटेकोर झाले. ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी सहसा सहा तास जेवण आणि दोन तास साधं पाणीही बंद असतं. "सकाळी फक्त चहा-बिस्किट दिलं होतं," असं ऐन वेळी सांगितलं तर आम्ही ऑपरेशन पुढे ढकलतो, ते उगाच नव्हे.

रोजच्या औषधांकडेही या नजरेनं बघायला हवं. स्टिरॉइडचा इनहेलर ओढल्यावर चूळ भरली नाही, तर तोंडात आणि घशात बुरशीचे पांढरे चट्टे येतात, गिळताना दुखतं. स्पेसर वापरला आणि प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकली, तर हे बरंचसं टळतं. मात्र चट्टे आले म्हणून इनहेलर बंद करू नका. त्यामुळे दमा बळावेल. श्वासनलिका रुंदावणारे काही इनहेलर, सर्दीच्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या तोंड कोरडं करतात. झोपेच्या गोळ्यांनी घशाची जागरूकता कमी होते. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी अंग ताठर होतं, त्यात गिळणंही मंदावतं. हाडांच्या ठिसूळपणासाठीची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणून ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पण पेलाभर पाणीच सुरक्षित गिळता येत नसेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा. गोळी जात नाही म्हणून कुटून देण्याआधीही विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या, तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर खूप. किरणोपचारांनी अनेकांचा जीव वाचतो. मात्र किरण पडलेल्या भागातले स्नायू पुढे कडक होतात, लाळ आटते, तोंड कमी उघडतं. हा त्रास कधी कधी काही वर्षांनी डोकं वर काढतो, तेव्हा रुग्णाला दोन्हींचा संबंधही लागत नाही. गिळण्याचे आणि जबड्याचे व्यायाम उपचार चालू असतानाच शिकून घ्यायला हवेत. शक्य तेवढं तोंडानं खात राहणं हाही एक व्यायामच आहे.

यातला कुठलाही उपचार टाळा, असं मला अजिबात म्हणायचं नाही. व्हेंटिलेटर नसता, तर आजी पहिल्याच वेळी गेल्या असत्या. उपचार संपला की गिळण्याची चौकशी करा, एवढंच सांगणं आहे.

न लागणारा ठसका

ठसका लागला, की आपण घाबरतो. खरं तर ठसका हा पहारेकरी आहे. चुकीच्या दारात काही शिरलं की तो ओरडतो. काळजी करायची ती पहारेकरी झोपला असेल तर. घशाची संवेदना बोथट झालेल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी शिरतं आणि त्याला काहीच जाणवत नाही. खोकला नाही, गुदमरणं नाही. घरातल्यांना वाटतं, सगळं छान चाललंय.

आजींचं हेच झालं होतं. आमच्या कान-नाक-घसा विभागातल्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं. रंग मिसळलेलं चमचाभर दूध आजींनी गिळलं. पडद्यावर आम्हाला त्याची एक रेघ स्वरतंतूंच्या मधून खाली उतरताना स्पष्ट दिसली. आजी शांत बसून होत्या. ठसका नाही की काही नाही. एक स्वरतंतू नीट मिटत नव्हता, आणि त्यात धापेची घाई. घट्ट पेज मात्र त्या बऱ्यापैकी गिळत होत्या. बेरियम मिसळलेला घोट देऊन एक्स-रेचं चलचित्र घेणं, ही अशा तपासणीची दुसरी पद्धत.

ठसका नसेल, तर घरी कशावरून ओळखायचं? खाल्ल्या-प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होणं. जेवताना धाप वाढणं. पूर्वीपेक्षा जेवायला खूप वेळ लागणं. घास तोंडात धरून ठेवणं. पाणी प्यायचं टाळणं. कारण न कळता वजन घटणं. जेवणानंतर तासाभरात अंगात कसर येणं. आणि वारंवार, विशेषतः त्याच जागी, न्यूमोनिया होणं. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा. गिळण्याचे व्यायाम आणि तंत्र शिकवणारे तज्ज्ञ म्हणजे स्पीच थेरपिस्ट. नावामुळे लोकांना ते फक्त बोलायला शिकवतात असं वाटतं.

घरी काय करता येईल

धाप जोरात असेल, गुंगी असेल, तर भरवू नका. श्वास मिनिटाला पंचवीस-तीसच्या पुढे असेल, तर आधी श्वास शांत होऊ द्या. श्वासनलिका मोकळी करणारं औषध जेवणाच्या थोडं आधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. नाकातल्या नळीनं ऑक्सिजन चालू असेल, तर जेवताना तो काढू नका. कित्येक जण "जेवणापुरता काढू" म्हणतात आणि जेव्हा तो सर्वांत जास्त लागतो, तेव्हाच बंद करतात.

आडवं पडून किंवा उशीला रेलून घास नको. पाठ ताठ, शक्यतो खुर्चीत. घास लहान. गिळायचं, श्वास सोडायचा, थोडं थांबायचं, मग पुढचा घास. टीव्ही बंद, गप्पा नंतर. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. जेवल्यावर अर्धा तास तरी बसून राहायचं. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती काहींना उपयोगी पडते, काहींना नाही. ती तपासणीनंतरच शिकावी.

पाणी सर्वांत सोपं, हा आपला समज. दुबळ्या घशाला पाणी सर्वांत अवघड जातं, कारण दार मिटायच्या आत ते धावतं. पातळ आमटीतली भाताची शितं, ताकात कुस्करलेली भाकरी यांतही द्रव एका वेगानं जातो आणि घन दुसऱ्या. त्यापेक्षा वरणात घोटलेला मऊ भात, घट्ट पेज, नाचणीची दाट आंबील बरी. पण प्रत्येकाला सगळं घट्टच द्या, असंही नाही. घट्ट पेयं नकोशी होऊन माणूस कमी पितो आणि अंगातलं पाणी कमी पडतं. कुणाला काय झेपतं, ते तपासून ठरवावं लागतं.

आणि सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत दुर्लक्षित आहे. दात घासा. आपण रोज लाळेचे शेकडो घोट गिळतो. त्यातला एखादा चुकून आत जातोच. तोंड स्वच्छ असेल तर त्याबरोबर जंतू कमी जातात. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं केलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. जेवणानंतर रोज ज्यांचं तोंड नीट स्वच्छ केलं जात होतं, त्यांच्यातल्या ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला. इतरांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होतं. नाकातून जठरात अन्नाची नळी घातलेल्या रुग्णाचंही तोंड दिवसातून दोन-तीन वेळा स्वच्छ करायला हवं. "तोंडानं खातच नाही, मग कशाला?" असं म्हणू नका. नळीनं पोषण मिळतं, पण लाळ तर तोंडातच तयार होते.

आणखी एक. ज्याला जमतं त्याला स्वतःच्या हातानं खाऊ द्या, वेळ लागला तरी चालेल. स्वतःचा श्वास कधी मोकळा आहे ते ज्याचं त्यालाच कळतं. दुसऱ्याच्या हातून भरवून घेणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका जास्त असतो, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९९८ साली आढळलं होतं. "आणखी दोन घास, माझ्यासाठी," हा आग्रह आपल्या संस्कृतीत प्रेमाचा मानला जातो. आजारी माणसाच्या उशाशी तो थोडा आवरावा.

आजींचा चहा

आजींच्या मुलाला आणि सुनेला आम्ही हे सगळं शिकवलं. स्पीच थेरपिस्टनं व्यायाम दिले. पेज घट्ट झाली, बसून जेवणं सुरू झालं, रात्री दात घासणं सुरू झालं. ताप उतरला. डिस्चार्जच्या दिवशी मी म्हटलं, "आजी, चहा मात्र पातळ नको. पीठ मिसळून घट्ट करून प्यायचा."

आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वरमले. "बाई," त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापास्नं पहाटेचा चहा माझ्या हातचा माझा मी पितीय. त्यो पीठ कालवून पिऊ? त्यापरीस नगं मला त्यो जीव."

पुस्तकात याचं उत्तर नाही. आम्ही चौघं बसलो: मी, सिस्टर, आजी आणि मुलगा. धोका काय आहे ते आजींना सरळ सांगितलं. मग तोडगा निघाला. उठल्यावर आधी दात घासायचे. पंप ओढायचा, चूळ भरायची, पंधरा मिनिटं बसायचं. मग अर्धा कप चहा, कप स्वतःच्या हातात, एक छोटा घोट, गिळायचं, श्वास सोडायचा, थांबायचं. धाप असेल त्या दिवशी चहा नाही. आजी म्हणाल्या, "कबूल."

पुढच्या वर्षभरात आजी एकदाच दाखल झाल्या, थंडीत धाप वाढली म्हणून. न्यूमोनिया नव्हता. वजन तीन किलो वाढलं होतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, चहाला अर्धा तास लावती. पण लई समाधानानं पिती."

तेव्हापासून धापेचा कुणीही रुग्ण आला, की कफाचा रंग विचारून झाल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारते: जेवायला किती वेळ लागतो? तुमच्या घरात कुणाला धाप लागत असेल, कुणी नुकतंच व्हेंटिलेटरवरून परतलं असेल, तर आज जेवताना त्यांच्याजवळ बसा. भरवू नका, बोलू नका, फक्त बघा. आणि जे दिसेल ते डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.